हनुवटी जरा खाली

हनुवटीकाकांचे खरे नाव त्यांच्या स्टुडिओच्या पाटीवर लिहिलेले होते. पण पाटी इतकी उंच होती आणि अक्षरे इतकी नक्षीदार, की मान वर करून ते वाचायची तसदी कुणी घेतली नाही. चाळीस वर्षे काका कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडातून एकच वाक्य बोलत आले होते, "हनुवटी जरा खाली." त्यामुळे गावाने परस्पर त्यांचे नाव ठेवून टाकले. ओघाने त्यांची बायको हनुवटीकाकू झाली. तिला ते बिलकूल आवडत नसे.

"माझ्या हनुवटीत काय खोट आहे म्हणून माझ्या नावाला चिकटवलीत?" ती विचारी.

खोट काहीच नव्हती. फक्त घरात ती कायम वर असे, आणि काका चाळीस वर्षे ज्याला-त्याला सांगत आलेले ते वाक्य या एका ठिकाणी गिळून टाकत.

स्टुडिओच्या दाराशेजारी भिंतीत बसवलेली एक काचेची शोकेस होती. पुरुषभर उंच, दोन हात रुंद, वर एक ट्यूबलाईट. तिच्यात नेमके बारा फोटो मावत. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी आठ वाजता काका जुने बारा उतरवत आणि नवे बारा लावत, आणि साडेआठपर्यंत फुटपाथवर ही गर्दी. कचेरीत जाणारे वाट वाकडी करून येत. कोण लागले, कोण उतरले, कोणाची मुलगी कोणाच्या मुलाला खेटून लागली, सगळ्याचा तिथेच उभ्या-उभ्या निकाल.

"ही इतकी बारीक कधी होती गं?"

"कडेने कापलाय फोटो. अर्धी बाहेर आहे ती."

पोस्टमास्तरांची मुलगी आणि बेकरीवाल्याचा मुलगा असेच एका महिन्यात शेजारी-शेजारी लागले. काकांच्या मनात काहीही नव्हते. दोन्ही फ्रेमांचे माप सारखे होते, इतकेच. पण गावाने त्यांच्याकडे महिनाभर असे बघितले, की वर्षाच्या आत दोघांचे लग्न झाले. मुख्याध्यापिकाबाई तर एकदा तावातावाने दुकानातच शिरल्या.

"माझा फोटो खालच्या ओळीत का?"

"बाई, खालच्या ओळीत उजेड चांगला पडतो."

"तुम्ही वर लावा. उजेडाचं मी बघते."

काका वर लावत. गावात वजन असलेल्या माणसांशी भांडायचे नाही, हे त्यांना कळत होते. त्यांचे भांडण फक्त एका गोष्टीवरून होई, आणि त्यात मग ते कुणाचेही ऐकत नसत. ती गोष्ट म्हणजे चेहरा.

फोटो काढून झाला की काकांचे खरे काम सुरू होई. शिसपेन्सिल घासून-घासून सुईसारखी करायची, निगेटिव्ह तिरप्या काचेवर ठेवायची, आणि डोळ्याला भिंग लावून तिच्यावर एकेक ठिपका द्यायचा. ठिपका असा, की तो दिला हे ठिपक्यालाही कळू नये. छापून आल्यावर गालावरचा खड्डा भरलेला असे, डोळ्याखालची काळजी गेलेली असे. छापलेल्या फोटोवर धुळीचा एखादा पांढरा कण उमटला, तर तो तीन केसांच्या ब्रशने काकू मिटवी. दोघे समोरासमोर बसून निर्मात्याने घाईगडबडीत सोडून दिलेली कामे पुरी करत. मात्र नियम पक्का होता. चेहऱ्यावरून काढायचे, चेहऱ्यावर घालायचे काही नाही. एका हवालदाराने एकदा खूप गळ घातली, की मिशी जरा दाट करून द्या.

"मिशी तुम्ही वाढवा, फोटो मी काढतो," काका म्हणाले. हवालदार सहा महिन्यांनी वाढवून आला.

दुसरा नियम असा, की फोटो गिऱ्हाईकाचा आणि निगेटिव्ह दुकानात ठेव म्हणून. प्रत्येक निगेटिव्हला पिवळे पाकीट, पाकिटावर नाव, नंबर आणि तारीख, शंभर पाकिटांचा एक खोका. लोक फोटो हरवत, फाडत, रागाच्या भरात जाळतसुद्धा. पण त्यांचे मूळ काकांकडे असे. घरात कुणी गेले, की डॉक्टर बाहेर पडल्याबरोबर कुणीतरी काकांकडे धावे. "काका, दादांचा एखादा चांगला फोटो असेल का हो?" मग दादांना जाताना जसे बघवत नव्हते तसे नव्हे, तर टाय लावलेले, हनुवटी खाली घेतलेले दादा दोन तासांत मोठे होऊन मिळत.

"एवढी माणसं सांभाळतोय मी," काका काकूला म्हणत.

"आणि तुम्हाला मी," काकू म्हणे.

मग लोकांच्या खिशात कॅमेरे आले. पहिले वर्षभर काकांना वाटले, चांगलेच झाले, हौस वाढेल. झालेही तसेच. लोक फोन घेऊन येत, "याची एक कॉपी काढून द्या." मग समोर मोबाईलचे दुकान आले. मग ते फोटोंचे ॲप आले, आणि कॉपीची गरजच संपली. आता ज्याच्या-त्याच्या खिशात शोकेस होती. तिला बाराची मर्यादा नव्हती, एक तारखेची वाट बघायला नको होती, आणि मुख्याध्यापिकाबाई रोज वरच्या ओळीत होत्या. ज्या गालावर काका दोन-दोन तास घालवत, तो आता बोटाच्या एका टिचकीसरशी उकडून सोललेल्या अंड्यासारखा होऊ लागला.

मुलीचे लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली होती. तिने आपला जुना फोन काकांना दिला आणि त्यावर ते ॲप घालून दिले. "बघा तरी बाबा, लोक काय करतात ते." काकांनी तीन दिवस नुसते बघितले. चौथ्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने लिहायला घेतले. भाचीने आरशासमोर काढलेल्या सेल्फीखाली त्यांनी लिहिले, "प्रकाश मागून येतो आहे. कपाळ जळले आहे. हनुवटी जरा खाली." बँकेच्या मॅनेजरच्या सहकुटुंब फोटोखाली लिहिले, "आपल्या डोक्यातून विजेचा खांब उगवला आहे. दोन पावले डावीकडे." एका नवपरिणीत जोडप्याला, "वर छान. वधूचा खांदा पाडावा." रोज सकाळी दुकान उघडून, समोर गिऱ्हाईक नसताना, ते अशी चाळीस-चाळीस माणसे सुधारत. पदरमोड करून, मनापासून.

महिन्याभरात एक-एक जण दिसेनासा होऊ लागला.

"भाचीने फोटो टाकायचं बंद केलेलं दिसतंय," ते समाधानाने काकूला म्हणाले. "मॅनेजरनेसुद्धा. शिकतील, मग काढतील."

शेवटी मुलीने फोनवर सांगितले. "बाबा, त्यांनी तुम्हाला ब्लॉक केलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांचं दार तुमच्यापुरतं बंद. ते फोटो टाकतायत, तुम्हाला दिसत नाहीत."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "पण खांब होता गं डोक्यात."

एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. पण त्या वर्षी जागेच्या मालकाने कळवले, की इमारत पाडायची आहे, महिनाअखेर जागा रिकामी हवी. माणूस वाईट नव्हता. त्यानेही लहानपणी काकांसमोर हनुवटी खाली घेतली होती. तो स्वतः येऊन सांगून गेला आणि जाताना म्हणाला, "काका, तुमचं सामान असं काय आहे म्हणा! एक कॅमेरा, दोन पडदे."

सामान म्हणजे सहाशे बारा खोके होते.

काकू टेप घेऊन घरी गेली आणि दोन खोल्या मोजून आली. "एक," तिने सांगितले. "कॉटखाली, चपलांच्या बाजूला. दुसरा आणलात तर खोका कॉटवर झोपेल आणि तुम्ही कॉटखाली."

मुलीच्या घरीही दोनच खोल्या आणि तिची दोन मुले. वाचनालयाने कळवले की ओल आहे. नगरपालिकेने काहीच कळवले नाही. तेव्हा काकांनी ठरवले, ज्याची ठेव त्याला परत करायची. साठेक हजार पाकिटे, प्रत्येकावर नाव. गावातलीच तर माणसे. सगळी नाही, निम्मी गेली, चौथाई गेली तरी पुष्कळ. उरलेल्यांचे बघता येईल. त्यांनी रजिस्टर काढून फोन लावायला सुरुवात केली. रजिस्टरातले सगळे नंबर त्या काळचे, घराच्या कोपऱ्यात तिपाईवर बसणाऱ्या फोनांचे. त्यातला एकही आता जिवंत नव्हता.

"बाबा, ॲपवर टाकूया," मुलगी म्हणाली. सुट्टी काढून ती दोन दिवस आली, बरोबर निगेटिव्हवरून फोटो उतरवून घ्यायचे यंत्र कुणाकडून तरी मागून आणले. स्टुडिओच्या नावाने पान उघडले. रोज पन्नास फोटो चढवायचे, खाली लिहायचे, 'आपली निगेटिव्ह आमच्याकडे सुरक्षित आहे. महिनाअखेरच्या आत येऊन घेऊन जावी.' सगळे ठरले आणि तिथे बाप-लेकीचे वाजले.

"बाबा, फोटोवर आडवं, फिकट अक्षरात स्टुडिओचं नाव घालते. म्हणजे ज्याला स्वच्छ हवा तो येईल."

"आडवं कुठून?"

"मधून. चेहऱ्यावरून."

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "चेहऱ्यावरून?"

"फिकट हो!"

"माझ्या दुकानातून तोंडावर डाग असलेला फोटो आजवर गेला नाही."

"बरं, मग बारीक करून टाकते. जरा धूसर. नुसतं ओळखू येईल एवढं."

"धूसर?" काकांचा आवाज असा झाला, जसे कुणी त्यांना दुकानात चोरीचा माल ठेवायला सांगितले. "हवालदाराला मिशी नाही दिली मी, आणि आता माणसांना धूसर करून चव्हाट्यावर लावू?"

"आई, तू सांग ना यांना."

काकू ब्रश धूत होती. ती चाळीस वर्षे या माणसाशी प्रत्येक गोष्टीवरून भांडली होती. पण तीन केसांच्या ब्रशने तिने जे कण मिटवले होते, ते तिचेही होते. "स्वच्छच टाक," ती म्हणाली. आयुष्यात एकदाच तिने त्यांची बाजू घेतली, आणि नेमकी तिथे.

तर फोटो गेले ते लख्ख. कडांपर्यंत स्वच्छ, गालांवर पेन्सिलीचे काम जसेच्या तसे.

आणि गाव पेटले. शोकेसपुढच्या गर्दीला लाजवील अशी गर्दी त्या पानावर उसळली. पहिल्याच संध्याकाळी लाल बदामांचा पाऊस. 'अगं ही आपली आई!' 'बाबांना इतके केस होते?' 'काका, तुम्ही देव आहात.' 'रविवारी येतोच.' 'रविवारी नक्की.' काका चष्मा लावून मोठ्याने वाचत, काकू मोजत असे. पहिल्या आठवड्यात 'येतो' म्हणणारे चारशे सात झाले.

काकांनी रविवारची तयारी केली. त्या चारशे सातांची पाकिटे शोधून नावाच्या अनुक्रमे बाकावर रचली. बसायला चार खुर्च्या मांडल्या, पडदे झटकले, इस्त्रीचा शर्ट घातला. काकूने पाण्याचा माठ भरून ठेवला आणि अकरा ग्लास घासले.

रविवारी दोन माणसे आली. पहिला पत्ता विचारायला आला होता, समोरच्या मोबाईलवाल्याचा. दुसरी एक बाई, तोंडाला ओढणी घट्ट लपेटलेली.

"तो एकशे चाळीस नंबरचा फोटो काढून टाका."

काकांना आनंद झाला. "बसा ना! तुमचं पाकीट..."

"पाकीट नकोय मला. त्यात माझ्या शेजारी जो उभा आहे ना, त्याच्याबद्दल आमच्या ह्यांना काही माहिती नाही. आणि ह्यांनी फोटोला बदाम दिलाय. शेजारच्याला ओळखत नाहीत म्हणून बरं."

मुलीला फोन करून तो फोटो काढायला लावला. बाई उभ्या-उभ्या निघून गेली. पाकीट राहिलेच.

पुढच्या रविवारी एक. त्यापुढच्या रविवारी कुणीच नाही, पण 'येतो' म्हणणारे नऊशेच्या वर.

"पाऊस वगैरे असेल," काका म्हणाले.

"लख्ख ऊन आहे," काकू म्हणाली.

शेजारचा शिंपी हे सगळे मशीनवरून बघत असे. तीस वर्षांचा शेजार. काकांकडे येणाऱ्यांची कॉलर सरळ करून देणे हे त्याचे काम, आणि त्याच्याकडे कोट शिवणाऱ्याला "असाच जा, फोटो काढून ये" म्हणणे हेही त्याचेच. त्या दुपारी तो टाचण्या तोंडात धरूनच आला.

"काका, तुम्ही आमच्या लग्नाचा टाकलात ना परवा? घरी बायको रडली हो."

"अरे, मग ने ना!" काकांनी बाकावरून पाकीट उचलले. ते सगळ्यांत वर होते. शेजाऱ्याचे म्हणून त्यांनी मुद्दाम वर ठेवले होते.

"नेला की," शिंपी म्हणाला आणि खिशातून फोन काढून समोर धरला. पडद्यावर तो आणि त्याची बायको. तो तेवीस वर्षांचा, तिच्या गालावर काकांनी बुजवलेला कांजिण्यांचा वण कुठेच नाही. फोनवर तास, मिनिटे आणि बॅटरी यांच्यामागे दोघे उभे. "बघा, कसला स्वच्छ आलाय! रोज बघतो आता. पूर्वी कुठे बघत होतो?"

"आणि हे?" काकांनी पाकीट पुढे केले.

शिंप्याने ते हातात घेतले, उजेडात धरून बघितले. काळ्या फिल्मवर पांढऱ्या कोटातला उलटा माणूस. "ह्याचं काय करू?" त्याने खरोखरीच विचारले. टोमणा नव्हता त्यात. शिंपी टोमणे मारी तेव्हा आधी टाचण्या तोंडातून काढत असे.

काकांनी पाकीट परत घेऊन बाकावर ठेवले. सगळ्यांत वर. तिथे बसून त्यांना सगळा हिशेब कळला. जे जे त्यांनी लख्ख दिले, ते ते लोकांना मिळाले होते. आता कोण कशाला येईल? मुलीने सांगितले होते तसे आडवे नाव घातले असते, तर आले असते. निदान शिव्या घालायला तरी आले असते.

"चूक झाली," ते काकूला म्हणाले.

"माझीही," काकू म्हणाली. हे तिच्या तोंडून ऐकून काका जास्तच घाबरले.

महिना संपायला दोन दिवस उरले असताना शाळेत चित्रकला शिकवणारी एक तरुण बाई आली. तिचा एक वर्षाची असतानाचा फोटो काकांनी काढला होता. बदकाचे खेळणे दिल्याशिवाय ती बसायला तयार नव्हती. काकांना बदक आठवत होते. ते त्यांनी कपाटातून काढूनही दाखवले. ती मनापासून रडली. खोक्यांच्या भिंतीपुढे उभे राहून तिने फोटो काढला आणि तिथल्या तिथे लिहिले, 'आपल्या गावाच्या आठवणी परवा रद्दीत जाणार आहेत. जा. भेटा. वाचवा.' ती गेल्यावर काकूला टेबलावर तिचे पाकीट सापडले. रडण्याच्या भरात राहिले असणार, असे काका म्हणाले.

पण पोस्ट चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता काकांनी शटर वर केले, तर फुटपाथवर माणसेच माणसे. एक तारखेला असे तशी. नव्हे, जास्त.

"अगं, आले!" काका आत ओरडले. "सगळे आले!"

त्या वयात ते स्टुलावर चढले. काकूने ग्लास भरायला घेतले. काका एकेक पाकीट उचलून नावे पुकारू लागले, आणि त्यांचा आवाज वीस वर्षांनी तरुण झाला.

"घड्याळवाल्यांकडचं कोण आहे?"

"मी, मी! नातू त्यांचा!"

"हे घे. आजोबा, आजी आणि त्यांची सायकल."

नातवाने पाकीट गालाशी धरले, मान वाकडी करून हसला. मित्राने फोटो काढला. नातवाने तो बघितला, पसंत केला, आणि पाकीट परत काकांच्या हातात दिले. "थँक्यू काका."

"अरे, ने ना ते!"

"नको काका, गाडीवर आलोय, कुठे ठेवू? आला ना फोटोत, हातात धरलेला."

दुसऱ्यानेही तेच केले. तिसरीने पाकीट उघडून फिल्म डोळ्यापुढे धरली, तसा फोटो काढून घेतला, मग फिल्म उलटी भरून दिली. कुणी पडद्यापुढे उभे राहिले, कुणी बदक घेऊन. शोकेसच्या रिकाम्या काचेमागे डोके घालून हसणाऱ्यांची तर रांग लागली. काका नावे पुकारत राहिले. दुपारपर्यंत बाकावरची पाकिटे बाकावरच होती, फक्त अनुक्रम बिघडला होता.

ज्याच्या पानावर म्हणे लाखभर लोक असतात, असा एक तरुण शेवटी आला. नम्र होता, आधी सगळे दुकान फिरून बघून आला, मग म्हणाला, "काका, तुमचा एक घेऊ? इथे बसा, कॅमेऱ्याशेजारी. खोक्यांकडे बघा. हसू नका. जरा उदास."

"मी उदासच आहे."

"हो, पण तसं दिसत नाहीये. मान अशी... हां. हनुवटी जरा वर."

काकू पाण्याचा ग्लास घेऊन जागच्या जागी थांबली. काकांनी तरुणाकडे बघितले, आणि मग हळूच म्हणाले, "बाळा, खिडकी माझ्या मागे आहे. कपाळ जळेल."

"असू दे काका. तसंच छान दिसतं."

काकांनी हनुवटी वर केली.

शेवटच्या दिवशी रद्दीवाल्याचा टेम्पो आला. रद्दीवाला समजूतदार होता, पण त्याचाही धंदा होता. कागद वेगळा आणि फिल्म वेगळी केल्याशिवाय पुढे कुणी घेत नाही, असे त्याने सांगितले. त्याची दोन माणसे फरशीवर बसली आणि पाकिटे फाडू लागली. पाकिटे एका पोत्यात, फिल्म दुसऱ्या. नावे इकडे, चेहरे तिकडे. काका पहिला अर्धा तास उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "मी जरा शिंप्याकडे बसतो."

"एक खोका ठेवायचाय ना घरी?" काकू म्हणाली. "कुठला? सांगा लवकर, हे थांबणार नाहीत."

"मी कसा निवडू? एकाला ठेवायचं आणि बाकीच्यांना..."

"मग मी काढू?"

"काढ."

काकूने हाताला लागला तो ओढला. रिक्षात मांडीवर घेऊन बसली. घरी आल्यावर, चपला बाजूला सारून तो कॉटखाली जातो का बघायच्या आधी तिने झाकण उघडले. सगळे पासपोर्ट फोटो. शंभर माणसे, एकापाठोपाठ एक, सगळी समोर बघणारी, सगळी गंभीर, पाकिटावर नाव असूनही एकही माणूस आता आठवेनासा.

"नशीब बघा," काकू म्हणाली आणि हसायला लागली. तिला हसू आवरेना, आणि काका मात्र एकेक फिल्म खिडकीकडे धरून बघत होते. शंभरच्या शंभर हनुवट्या बरोबर होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा फोन. "बाबा, बघितलंत का? तुमचा तो फोटो! त्या मुलाने टाकलाय. साठ हजार लोकांनी बघितला!"

"साठ हजार?" काका म्हणाले. आकडा ओळखीचा होता. "कुणी न्यायला येणार आहे का?"

"काय न्यायला?"

"काही नाही."

त्यांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि ॲप उघडले. खोक्यांच्या भिंतीपुढे एक म्हातारा बसला होता, मोठ्या कॅमेऱ्यावर हात टेकून. खाली बदाम, हात जोडलेले, रडणारे चेहरे. 'डोळ्यांत पाणी आलं.' 'अशी माणसं आता होणे नाही.' 'हा स्टुडिओ कुठे आहे? एकदा जायचंय.' काकांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला. मग जवळ धरून बराच वेळ बघितला.

"काय बघताय एवढं?" काकूने स्वयंपाकघरातून विचारले.

"सांगतो."

आणि एका बोटाने, सावकाश, एकेक अक्षर शोधत त्यांनी खाली लिहिले, 'प्रकाश मागून येतो आहे. कपाळ जळले आहे. हनुवटी खाली हवी होती.'

मग ते अंघोळीला गेले. परत येऊन बघितले तर तो फोटो कुठे दिसेना. पान शोधले, पान नाही. तरुणाचे नाव घालून बघितले. त्या नावाचे कुणी नाही. त्यांना आता ठाऊक होते याला काय म्हणतात.

"अहो, काय झालं?" काकू हात पुसत बाहेर आली.

"काही नाही. चूक दाखवली."

"मग?"

"मग दार लावलं त्याने."

काकूने त्यांच्या हातातला फोन घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि परत दिला. "मला तरी बघायचा होता हो तो फोटो," ती म्हणाली. "मी तेव्हा पाणी वाढत होते."

काका शेजाऱ्यांकडे विचारायला निघाले, की तुमच्या फोनवर दिसतो का. शर्ट चढवला, चपला घालायला कॉटखाली वाकले. खोका पुढे आला होता आणि चपला मागे अडकल्या होत्या. हात पोचेना. ते तसेच कॉटवर बसून राहिले.

"राहू दे," ते म्हणाले. "चांगला नाहीच आलेला."

काकू त्यांच्याशेजारी बसली, आणि नेहमी वर असणारी तिची हनुवटी त्या दिवशी कुणी न सांगता खाली होती.